पकड

जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या कँटीनमागे
एक टेबल, दोन खुर्च्या, शिंप्याची टेप
आणि स्पंजाच्या पेटीत निजलेलं यंत्र.
मूठ दाबली की काटा किलो सांगतो.

कोपर काटकोनात. खांदा सैल.
श्वास रोखू नका. तीनदा दाबा, मधे मिनिटभर थांबा.
दिवसभर मी हेच बोलते.
परवा रिक्षावाल्यालाही म्हणाले, खांदा सैल.

वय, उंची, तळव्याची रुंदी,
कोपराखाली चार बोटांवर हाताचा घेर,
एवढं दिलं की माझं समीकरण
हात पुढे यायच्या आधीच सांगतं
पकड किती भरणार ते.
चुकलंच तर चार किलोनं. फार तर पाच.

मुंजाजी भालेकर. बेचाळीस. सांडशीवर अकरा वर्षं.
एका रोलातून सुटलेली लाल सळई धरायची,
वळवायची, दुसऱ्या रोलाच्या तोंडी द्यायची.
मधे दीड सेकंद.
टेप मी दोनदा लावली, एवढा रुंद तळवा.
समीकरण म्हणालं, एक्कावन्न.
काटा म्हणाला, सव्वीस.
सव्वीस.
परत सव्वीस.

मुनाफ शेख, पंचवीस. लिंबाजी, सव्वीस.
तो कालच लागलेला पोरगा, तोही पंचवीस.
यंत्र बिघडलं म्हणून मी स्वतः दाबून बघितलं,
सत्तावीस.
म्हणजे या मिलमधला सगळ्यात दणकट हात
माझा.

चहाचा ग्लास ठेवता ठेवता कँटीनचे कचरूभाऊ म्हणाले,
"मॅडम, जेचा आकडा मोठा त्याला भट्टीम्होरं उभं करतेत.
जेचा बारका, त्याचा गेटपास काढून घेतेत.
मंग मधातच राह्यलेलं बरं नाई का?
पयल्यानं पंचवीस दाखवले,
बाकीच्यांनी तेच धरले."

मी म्हणाले, तसं काही नाही, हा अभ्यास आहे.
ते म्हणाले, "हाव, सायेबबी तसंच म्हन्ले."

रात्री लॉजवर पंख्याच्या खडखडाटात तक्ता उघडला.
एक्कावन्न भरू शकणाऱ्या हातानं
तीनदा सव्वीसवर काटा थांबवायचा,
थरथरू द्यायचा नाही,
चेहऱ्यावर मात्र सगळा जोर लावल्याचं दाखवायचं,
याला किती ताकद लागते?
रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना पेटीची कडी बसेना.
लोखंडाची भुकटी सगळीकडे शिरते इथं,
बिजागरीत, वहीत, भाकरीत.
मी गुडघा टेकवून दाबली, वॉचमननं ठोकून पाहिली.
मुंजाजी पाळी संपवून चालले होते.
थांबले. अंगठा आणि एक बोट.
कट्.

आम्ही दोघांनीही कडीकडेच बघितलं.
"खांदा सैल ठेवा," ते म्हणाले, आणि गेटकडे गेले.

फॉर्मवर शेवटी 'शेरा' असतो.
मी पेन्सिलीनं लिहिलं, पेटी लावली, दोन बोटांनी.
मग खोडरबर सापडेना,
थुंकी लावून
बोटानंच पुसलं.