झाकणं वाजेपर्यंत

इब्र्यात सप्टेंबर सरता सरता
उन्हाची मूठ जरा सैल होते.
तेव्हा मी फोडणीच्या डब्यात तळाशी उरलेल्या
संकेश्वरी मिरच्या फोडते,
बिया ओल्या फडक्यात बांधून
गीझरवर ठेवते.
आठव्या दिवशी गाठ सोडली :
बावीस जणींतल्या नऊजणींनी शेपट्या काढलेल्या,
बाकीच्या गप्प.
त्यांनाही कुंडीत टाकलं. कोण जाणे.

मातीला माती म्हणायचं ते सवयीनं.
खरं तर वाळू, मोफज्जलनं सायकलवरून आणलेल्या
बकऱ्यांच्या लेंड्या, चहाचा चोथा,
आणि एसीच्या नळीतून रात्रभर
बादलीत ठिबकलेलं पाणी.
त्याला कसलीच चव नाही.
नळाचं निदान खारट तरी लागतं.

डिसेंबरात टोमॅटो फुलला
आणि नुसता फुलतच राहिला.
फळ धरेना. वाराही नाही, माशीही नाही.
दिगंबर रिगवर जाताना विसरून गेलेला
बॅटरीचा टूथब्रश मी देठांना लावला.
घर्र. पिवळी धूळ उडाली.
भिंतीपलीकडून जुवैना बघत होती. हसली नाही.
म्हणाली, आमच्या खजुराचं लग्नही माणूसच लावतो,
वर चढून.
मी म्हटलं, आमच्याकडे तुळशीचं लावतात.
माझ्या अरबीत तिला ते असं पोचलं
की मी सब्जाचा भाव विचारतेय.
दुसऱ्या दिवशी जुडी आली, मोठी.

मार्चअखेर सगळं एकदम पिकलं.
रोज सकाळी परात भरायची,
रोज संध्याकाळी वारा आणखी कोरडा.
मिरच्यांच्या पोटात चीर दिली,
मीठ, मेथी, आंबट दही भरलं,
गच्चीवर जुनी चादर अंथरली.
शेजारच्या गच्चीवर जुवैनाची लिंबं
उन्हात काळी पडत होती.
गावी चार दिवस वर-खाली करत बसायचो,
ढग आला की धावायचो.
इथे दोन दिवसांत मिरच्या
वाळक्या पानासारख्या वाजायला लागल्या.
धावायला कुणी कारणच देत नाही.

टोमॅटो शेवटी राहिले. पातेल्यात आटवले,
लसूण, गूळ, उरलेली हिरवी मिरची.
जॅमच्या धुतलेल्या बरण्या
तळाशी फडकं घालून उकळल्या, भरल्या,
झाकणं पिळून ओट्यावर उभ्या केल्या.
सोळा.
हात असे पेटलेले की फोन धरवेना,
तो साखरेच्या डब्याला टेकवला
आणि हात दह्याच्या वाडग्यात.

दिगंबर म्हणाला, सुट्टी पुढे गेलीय.
मी म्हटलं, बरं.
किती, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
समुद्राचा आवाज येत होता की यंत्राचा,
कळत नाही तिथलं.

टक्.

काय वाजलं?
झाकण. थंड झालं की आत ओढलं जातं.
आता टिकेल वर्षभर.
मग आम्ही बोललोच नाही.
टक्. तीन, तो म्हणाला.
मी दिवा घालवला.
आठ. नऊ. अकरा आणि बारा एकदम.
दह्यात हात तसेच.
पंधरा.
मग नुसतं ते समुद्राचं की यंत्राचं.
थांब, वाजेल, तो म्हणाला.
थांबले. रेंज गेली.

सकाळी सोळाव्या झाकणावर बोट दाबलं.
लवलं खाली, आणि पुन्हा वर आलं.
अशी टिकत नाही, आधी खावी लागते.
अर्धी जुवैनाकडे दिली.
एक चमचा चाखून तिनं डोळे पुसले
आणि आणखी एक घेतला.
वाडगा परत आला तेव्हा त्यात तीन काळी लिंबं होती,
हलवली की आत काहीतरी खुळखुळतं.

मेमध्ये झाडं उभ्या उभ्या वाळली.
उपटली नाहीत. दुपारी दोन चिमण्या
त्यांच्या काड्यांच्या सावलीत येऊन बसतात,
चोची उघड्या.
पंधरा बरण्या कपाटात आहेत.
बोटांची आग तिसऱ्या दिवशी गेली असावी.
नक्की केव्हा, ते लक्षात नाही.