पेशन्सचं चाक

बर्नलीच्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते.
शिकवत नाही; शिकवणाऱ्याच्या हाताशी सामान लावून देते.
गुरुवारच्या चिठ्ठीवर होतं: झाडूचा दांडा एक,
साखरेच्या किलोच्या पिशव्या दोन, चिकटपट्टी.

पिशव्या आधी मधोमध बांधल्या, मुठींना खेटून.
सायरा मलिकनं दांडा धरला, मनगट फिरवलं,
दांडा डावीकडे, उजवीकडे, सांगेल तसा.
मग त्याच पिशव्या दोन टोकांना.
मनगट अडलं. ती हसली, मग हसायची थांबली.
"मिस, साखर वाढवलीत?"
काट्यावर ठेवून दाखवली. तीच दोन किलो.

वजन किती, ते काटा सांगतो.
वजन कुठे, ते मनगटालाच विचारावं लागतं.
दुप्पट लांब, तर चौपट हट्ट.
तिप्पट लांब, तर नऊपट.
आम्ही शाळेत घोकलं होतं: जडत्वाघूर्ण.
शब्दच एवढा जड
की तोंडात फिरवेपर्यंत तास संपायचा
आणि अर्थ समासाबाहेर बसून राहायचा.

रविवारी पोरांना जुन्या गिरणीत नेलं.
तिथे आता कापड विणत नाहीत,
महिन्यातून एकदा वाफेचं इंजिन चालवून दाखवतात.
तिकीट चार पौंड, चहा वेगळा.
इंजिनाचं नाव पेशन्स. म्हणजे धीर.
चाक दोन मजले उंच, आरे काटकुळे,
सगळं ओतीव लोखंड कडेला नेऊन बसवलेलं.

"मध्येच का नाही ठेवलं वजन?" कीरननं विचारलं.
एन्टविसल आजोबांनी तेलाची बुधली खाली ठेवली.
"वाफ धक्क्याधक्क्यानं येते, बाळा.
प्रत्येक धक्का मनाला लावून घेणारं चाक असलं
तर वरच्या मजल्यावर सूत तुटतं."

मी इचलकरंजीची.
बाबांचे सहा माग, तेही भाड्याच्या शेडमध्ये.
वीज गेली की माग जागच्या जागी गप्प,
धोटा अर्ध्या वाटेत.
मग ऐकू यायचं, शेजारच्या शेडमधलं कुणाचं खोकणं,
तळहातावर तंबाखू मळल्याचं.
थांबणं म्हणजे असंच, मला वाटायचं. खटकन.

आजोबांनी वाफ तोडली.
पोरांनी घड्याळं लावली.
एक मिनिट. दोन. चौथ्याला कीरनला भूक लागली.
चाक आपलं चालूच,
ढकलणारं कुणी नाही, आणि घाईही नाही.

मार्चमध्ये बाबांचा फोन आला होता.
म्हणजे, बाबांबद्दलचा.
त्या दुपारी मी चोवीस बीकर धुतले,
मंगळवारचे लंबक मोजून ठेवले, पाच दहाची बस गाठली.
एप्रिल गेला, मे गेला.
बायका म्हणाल्या, खंबीर आहे हो.
खंबीर कसली. फिरत होते.

हे मी पोरांना सांगितलं नाही.
उपमेला पेपरात मार्क नसतात.

सात मिनिटं, बावीस सेकंद: सायरानं वहीत लिहिलं.
आणि तेवढ्यात थांबलेलं चाक
वीतभर मागे आलं. पुन्हा थोडं पुढे. मग उभं.
"हे काय होतं?"
"कितीही नीट ओता," आजोबा हात पुसत म्हणाले,
"एक बाजू जरा जड राहतेच.
धावताना कळत नाही.
थांबताना ती खाली जायला बघते."
कीरन म्हणाला, हे अभ्यासक्रमात आहे का?

सोमवारी दांडा कोपऱ्यात तसाच होता.
एका टोकाची पिशवी सोडवली, फोडली,
दोन चमचे चहात घातले. रोज घेत नाही मी साखर.
दांडा उरलेल्या वजनाकडे कलला.
तो मी सरळ केला नाही.