बर्फाची वही

साखरी नाट्याला आमच्या बाजूला न जाणारी वीज
फक्त बर्फाच्या कारखान्यात,
म्हणून माझी कंपनी तिथे.
अमोनियाचा वास, मिठाच्या पाण्यात बुडवलेले पत्र्याचे डबे,
आणि कोपऱ्यात, मासळीच्या उलट्या क्रेटवर,
माझा लॅपटॉप. खाली गोणपाट, नाहीतर ओल चढते.

पुण्यात सात वर्षं मी
परदेशातल्या एका विमा कंपनीचं एकच बटण सांभाळलं.
राजीनामा दिला तेव्हा मॅनेजर म्हणाला, ब्रेक घे, उत्कर्षा.
बाबांना ते सांगितलं.
बाबा इंजिनाचे मेस्त्री. म्हणाले,
होडीला ब्रेक नसतो.

पहिलं गिऱ्हाईक कासमभाई सोलकर. कारखाना त्यांचाच,
त्यामुळे भाड्याचंही भागलं.
दर्यादौलत नावाच्या होड्या तीन.
मशीनला एका नावाच्या तीन चालत नाहीत.
मी म्हटलं, नंबर देऊ.
मुनीम धुळपकाका चष्म्यावरून बघत राहिले.
त्यांच्या वहीत त्या कधीच एकमेकींत मिसळल्या नव्हत्या:
थोरल्या भावाची,
तांबड्या पट्ट्याची,
आणि बुडालेली.
बुडालेली म्हणजे एकदा बुडाली होती.
आता रोज जाते.

मग तारखेचा रकाना.
पैसे कधी येतात?
भांगाला.
म्हणजे किती तारीख?
कासमभाईंनी बोटांवर तिथ्या मोजल्या. अष्टमी धर, नवमी धर.
पाण्याला ओढ नसते, होड्या किनाऱ्याला असतात,
माणूस घरात सापडतो.

चंद्र प्रोग्रॅममध्ये बसवायला अकरा रात्री गेल्या.
बाराव्या रात्री 'उधार' लिहिताना बोट घसरलं,
पडद्यावर आलं: उधाण बाकी, चौदा हजार.
कासमभाई पोट धरून हसले. म्हणाले,
राहू दे गो, खोटं काय त्यात?
कंपनीच्या नोंदणीत तेच नाव गेलं.

बाणेरचा एक गुंतवणूकवाला
व्हिडिओवर माझा आलेख बघत होता.
जूनमध्ये एकदम शून्य. काय बिघडतं?
काही नाही, म्हटलं. बंदी असते.
मासे अंडी घालतात.
तिकडून बराच वेळ आवाज आला नाही.
नेटवर्क असेल.

त्या शून्याच्या दोन महिन्यांत
मी जुन्या वह्या मशीनमध्ये भरायला घेतल्या.
पानं खाऱ्या हवेनं फुगलेली, शाई जांभळी,
धुळपकाकांचा मोडीकडे झुकणारा र.
नवव्या वहीत, पौष महिना:
लादी दोन. मेस्त्री आडिवरेकर.
मुलगी पुण्याहून यायची आहे.

रकमेच्या जागी काही नाही.
शून्यसुद्धा नाही.

त्या रात्री अणुस्कुऱ्यात ट्रक आडवा होता
आणि मी बसमध्ये, सहा तास, खिडकीशी.
पोचले तेव्हा आईचं कपाळ
इतकं गार का, हे मी
कुणाला विचारलं नव्हतं.

तारीख टाकली. नाव टाकलं. लाद्या: दोन.
पडद्यावर लाल अक्षरं:
रक्कम भरणे आवश्यक आहे.
पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.
वाक्य माझंच होतं, मीच लिहिलेलं,
मार्चमध्ये, घाईत, अभिमानानं.
धुळपकाका शेजारी सुपारी कातरत होते.
त्यांनी पान ओळखलं असावं.
अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला.

मी ती अट काढून टाकली.
सगळ्यांसाठी.
आता कुणीही बर्फ लिहून
पुढची जागा रिकामी सोडू शकतं,
मशीन का म्हणून विचारत नाही.
बाणेरवाल्याला हे पटणार नाही.
बाबांना अजून सांगितलेलं नाही.

एक ऑगस्टला पहाटे साडेतीनला
उशाशी फोन उजळला. ह्या मोसमातली पहिली मागणी.
दर्यादौलत, बुडालेली.
वीस लाद्या.
पैसे भांगाला.