पाच ग्रॅम वेल

धवीच्या डाव्या कुशीला एक खिडकी आहे.
रबराचं बूच, माझ्या तळव्याएवढं.
ते काढलं की आतून वाफ येते,
उकड्या तांदळाच्या हंड्यावरचं झाकण सरकावं तशी,
फक्त वास आंबलेल्या गवताचा.

मी कोपरापर्यंत हात घालते.
आत किती ऊब आहे ते सांगून कुणाला पटत नाही.
सासू म्हणते, त्या हातानं पीठ मळू नकोस.
मग त्या हातानं मी फक्त पगार घेते.

वेल रबरवाल्यांनी आणली.
माती धरून ठेवील, म्हणाले. तिनं धरली.
मग कुंपण धरलं, विजेचा खांब धरला,
शांबा गावकराची काजूची बाग
डोंगरापासून म्हादईच्या उतारापर्यंत धरली,
आणि त्याचा पाण्याचा पंप,
जो अजून सापडलेला नाही.
खाजकुयलीची चुलतबहीण. तीन तीन पानं.
वाळपईच्या बाजारात लोक तिला
नुसतं ‘ती’ म्हणतात.

डॉक्टर फुर्तादो मडगावहून येतात.
त्यांचं म्हणणं साधं:
कापून संपत नाही, तर चारून संपवू.

म्हणून पानं वाळवायची, दळायची,
नायलॉनच्या पिशवीत पाच ग्रॅम, नेमके,
दोरी बांधून खिडकीतून आत सोडायची,
विहिरीत कळशी सोडतात तशी.
सहा तासांची एक. बारा तासांची एक.
अठ्ठेचाळीसवालीची दोरी लांब ठेवायची,
पोटात फिरते ती.
मग ओढून काढायच्या, धुवायच्या
पाणी नितळ येईपर्यंत,
सुकवून पुन्हा वजन.
उरलं ते वेलीचं,
गेलं ते धवीचं.

पाचातले तीन गेले. तीनाला थोडे वर.
डॉक्टरांनी आकड्याखाली रेघ ओढली, दोनदा,
आणि सगळ्यांना भजी-पाव मागवले.

दुसऱ्या दिवशी ताजी वेल गव्हाणीत टाकली.
धवीनं हुंगली.
नाकातून मोठा श्वास सोडला,
पानं हलली तेवढीच.
गूळ शिंपडला. तिनं गूळ चाटला,
पानं घासून धुतल्यासारखी परत केली.
मीठ लावलं. तसंच.
मग एक दिवस दुसरं काहीच दिलं नाही.
तिनं दावं चघळलं.

नवलो वरक दूध घालायला आला होता.
काठी भिंतीला टेकवून बघत राहिला.
म्हणाला, ‘पोटाक विचारलंत.
तोंडाक कोणी विचारलं?’
कोणी हसलं नाही.
डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी एक पान तोडलं. कोवळं, शेंड्याचं.
चावलं.
आधी काहीच नाही, हिरवं पाणी.
मग जीभ राठ होत गेली
कच्चा बोंडू खाल्ल्यासारखी,
टाळूला कातडं चिकटलं,
दातांना दात नकोसे झाले.
थुंकले. तांब्याभर पाणी प्याले.
गेलं नाही.

धवी रवंथ करत होती.
आत पिशवी फिरत असणार,
तिनं कधीच न खाल्लेलं
मुकाट पचत.
तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

बूच नीट बसलंय का बघितलं,
कडेनं बोट फिरवून.
रजिस्टरात रकाने होते:
तास, वजन, उरलेलं, टक्के.
तारीख घातली
आणि समासात पेन्सिलनं लिहिलं:
कडू नाही.
तुरट आहे.