दहा नंबरचा पाना

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं
मी रिव्हेटच्या मागे लोखंडी ठोकळा धरून बसले.
श्रीरंग बाहेरून ठोकायचा, मी आतून झेलायचे.
शेजारच्या गाळ्यातला जिग्नेस रोज विचारायचा,
काकी, क्यारे उडशे?
मी म्हणायचे, उत्तरायण होऊन जाऊ दे,
आकाशातला मांजा उतरू दे.
कुठलं उत्तरायण, ते सांगत नसे.

यंदा मात्र पंख खरंच लागले.
धान्यबाजारातून तीन वजनकाटे आणले उसने,
चाकांखाली दोन, शेपटीखाली एक,
आणि त्याला आत बसवलं
चष्मा, किल्ल्या, बीपीच्या गोळ्यांसकट.
तोल कागदावर बोटभर मागे आला.
त्याने मुकाट बॅटरी पुढे सरकवली.

मग खड्डा खणून शेपूट त्यात उतरवली,
नाक आभाळाकडे,
आणि नळीतून पेट्रोल बादलीत मोजलं.
घड्याळ माझ्या हातात.
चढताना इंजिनला तहान लागते, म्हणाला,
जमिनीवरच पाजून बघायचं.

आवळून झालेल्या प्रत्येक नटावर
माझ्या नेलपॉलिशची एक रेघ, नटावरून बोल्टवर.
रेघ मोडली तर समज, काहीतरी हललंय.
भाचीच्या लग्नासाठी घेतलेली बाटली
त्यात संपली.

शनिवारी रात्री हत्यारं मोजली.
चव्वेचाळीस.
पुन्हा मोजली.
दहा नंबरचा पाना नव्हता.
सकाळी मांजलपूरची नणंद येणार होती,
नारळ, पेढे, कुणाचा तरी फोटोवाला.
घरी राहिला असेल, श्रीरंग म्हणाला.
म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मी एकेकाला फोन केले.
येऊ नका. उद्या काही नाही.
पेढे तुम्हीच खा.

तो बोलला नाही माझ्याशी.
दोन वाजता उठून त्यानेच स्क्रू काढायला घेतले,
बत्तीस.
सीटखालचा पत्रा उचलला,
तर शेपटीकडे जाणाऱ्या दांड्याला टेकून
निजला होता, शहाण्यासारखा.
आम्ही दोघं बराच वेळ नुसते टॉर्च धरून.

दुसऱ्या दिवशी चहाच्या कपात बघत म्हणाला,
पहिल्यांदा मेहरू नेईल.
तीन वर्षांत मी उडलो कुठे?
बाळंतिणीने स्वतःची सुईण होऊ नये.
कप त्याने तसाच ठेवला, अर्धा.

मेहरू कॉन्ट्रॅक्टर, फतेहगंजची.
डभोईपलीकडच्या पट्टीवर आली
आणि विमानाकडे न जाता
सरळ पट्टीच्या टोकाकडे चालत निघाली.
एरंडाचं शेत, कालवा, विजेच्या तारा.
इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं
हे पायांनी ठरवून आली,
सलवारीला कुसळं लागलेली.
दांडी डावीकडे, डावी फळी वर.
मी मोठ्याने म्हणत होते, ती बघत होती.
मग उजवीकडे. मग सगळं पुन्हा.

माणसं चारच.
जिग्नेस आग विझवायचं नळकांडं
तान्ह्या मुलासारखं कवटाळून उभा.
मेहरू अर्ध्या पट्टीपर्यंत धावली, परतली,
पुन्हा धावली.
तेवढ्यात वाऱ्याची पिशवी आडवी फुगली.
तिने इंजिन बंद केलं.
आज नको.

श्रीरंगने वहीत लिहिलं:
उड्डाण, नाही. कारण, आडवा वारा.
खाली सही, तारीख.
इतकं सुबक अक्षर त्याचं
मी लग्नाच्या यादीतही पाहिलं नव्हतं.

परतताना जिग्नेसने क्यारे विचारलं नाही.
पाना माझ्या पर्समध्ये आहे,
रुमालात गुंडाळलेला.
रात्री हत्यारं मोजताना
शेवटचा आकडा मी म्हणते.