अठरा मिलिमीटर

पायचं घड्याळ, म्हणाली एर्मेलिंद,
आणि रुमालाची गाठ माझ्या काचेवर सोडली.
घाटावरचा कुणी असता तर तिच्या पावलांकडे बघत बसला असता.
इथे म्हापशात तिच्या लोकांत पाय म्हणजे बाप,
आणि बाप म्हणजे बहुधा बोटीवर.

तबकडी सायीच्या रंगाची झालेली.
सहाच्या आकड्यावर एक डाग, समुद्राचा किंवा घामाचा,
साठ वर्षांनी दोन्हींची चव सारखीच.
चावी दिली. बोटांना कळलं, अजून जीव आहे.
पट्टा नव्हता. नुसते चार कान,
मधे अठरा मिलिमीटर हवा.

"त्याच काळची चेन हवी," ती म्हणाली.
"नंतरची नको. नवी तर नकोच."

त्याच काळची.
पाठ उघडून आतला नंबर भिंगाखाली धरला:
एकोणीसशे साठ, फार तर एकसष्टचा मार्च.
आता इथल्या म्हाताऱ्यांना विचारा
एकसष्ट आणि बासष्ट यांत किती अंतर असतं.
एका डिसेंबरानंतर एस्कुदो गेले, रुपये आले,
आणि माझ्या वडिलांनी दुकानाची पाटी उतरवली,
'रेलोजुआरिया' तसंच ठेवून
उलट्या बाजूला 'घड्याळजी' रंगवलं.
न जाणो.
चेनच्या कुलपात आतून तिमाहीचा शिक्का असतो,
मुंगीच्या डोक्याएवढा. त्यावर बासष्ट असलं
तर ती चेन दुसऱ्या देशातली.

तीन महिने शोधलं.
वास्कोत बंदरावरच्या एका निवृत्त पायलटाकडे निघाली, ती वीसची.
मडगावला सराफाच्या खणात एक,
पण टोकाच्या कड्या भलत्याच घड्याळाच्या,
कानांपाशी फट, उजेड आरपार दिसेल एवढी.
शेवटी लिस्बनहून टपालाने, वर्तमानपत्रात गुंडाळून आली.
कडेला सपाट पोलाद, मधे बारीक मण्यांच्या ओळी.
तिकडे ह्यांना तांदळाचे दाणे म्हणतात.
आमचा उकडा नव्हे, आंबेमोहोर म्हणावा फार तर.
शिक्का: दोन, एकसष्ट.
सोड्याच्या पाण्यात घातली, जुन्या दातब्रशने घासली.
कुणा परक्या मनगटाचा काळा मळ
सुटत राहिला, सुटत राहिला.
तोही त्याच काळचा.

जोडण्याआधी कान साफ करायला घेतले
तर डाव्या वरच्या कानाच्या पोटात, पिनेच्या भोकाशी,
चिमट्याला काहीतरी लागलं.
निळा धागा. नायलॉनचा, जाळ्याचा, नखभर.
त्याखाली आणखी एक, तांबूस, सुती, त्याहून जुना.
भिंग बदललं. पुन्हा पाहिलं.
कानांच्या आतल्या बाजूला पोलादाचा एकही ओरखडा नाही.
या घड्याळाला चेन कधी लागलीच नव्हती.
एडन म्हणा, मोम्बासा म्हणा,
तो तारवटी दोरीनं घड्याळ बांधून हिंडला,
दोरी कुजली की दुसरी दोरी.

हे सांगायला हवं होतं.
चेनचे सगळे पैसे तिनं आधीच दिले होते,
म्हणून सांगितलं नाही
असं मी स्वतःला सांगतो.

सहा कड्या काढल्या. मनगट बारीक तिचं.
काढलेल्या कड्या पुडीत, पुडीवर साल, ही घरातली जुनी पद्धत.
धागेही त्याच पुडीत टाकले
आणि साल लिहिताना पेन थांबलं.
नाव लिहावं, तर एर्मेलिंद की एर्मेलिंदा,
तेही कधी विचारलं नव्हतं.

शुक्रवार होता. बाहेर चोरीसांच्या माळा,
मडक्यांचे ढीग, कुणाची तरी कोंबडी सुटलेली.
दारात थांबून तिनं हात दोनदा हलवून पाहिला.
"जड लागतं," म्हणाली.
"पोलाद आहे," मी म्हणालो.
तोवर तिनं घड्याळ कानाशी नेलं होतं,
माझं काही तिला ऐकू गेलं नसावं.