करंगळीवरचा खळगा

जुना फोन माकुलांच्या टाकीत पडला
तेव्हा मी गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देत होते.
एप्रनच्या खिशातून तो कायम अर्धा बाहेर,
मी वाकले की डोकवायचा.
त्या दिवशी डोकावला तो गेलाच.
एका माकुलाने त्याला दहाही हातांनी चाचपलं,
रंग बदलला,
आणि सोडून दिलं.

हाकोदातेच्या बाजारात ही बातमी
सकाळी आठच्या आत खेकडेवाल्यांपर्यंत पोचली.

मग हा घेतला, गोर्योकाकूजवळच्या जुन्या मालाच्या दुकानातून.
साबणाच्या वडीएवढा.
झिजलेल्या वडीएवढा.
दुकानदार काच पुसत म्हणाला, हा परत आणणारे फार,
आठवड्याभरात येतात.
कुमेको-सानने हातात घेऊन जोखला:
अंडं आहे का गं, उकडलेलं?

मूर्ती लहान. कीर्तीचं मला ठाऊक नाही,
बॅटरी मात्र दुपारी दोनला मान टाकते,
बाहेर उणे आठ असेल तर त्याच्याही आधी.
म्हणून मी त्याला स्वेटरच्या आत ठेवते, पोटाशी.

अंगठा आता चारही कोपऱ्यांत पोचतो.
हे सांगून कळायचं नाही.
सहा वर्षं माझा अंगठा
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबल्यासारखा
वरच्या फळीवरच्या डब्यासाठी टाचा उंचावत होता.

नकाशात दोन गल्ल्या मावतात.
तिसरी हवी तर चालावं लागतं.
बातमीचा मथळा चार ओळींत मोडतो
आणि तिसऱ्या ओळीशीच माझी उत्सुकता संपते.
हवामान तेवढं पुरतं दिसतं:
ढग, आकडा, ढग.

मोठ्या फोनचं ओझं करंगळीवर असायचं.
तिथे एक खळगा पडला होता,
उशीवर डोक्याचा पडतो तसा.
जानेवारीभर तो होता,
रिकामा,
रात्री झोपेत हात त्याच मापाने वळायचा.
मार्चमध्ये मासे धुताना पाहिलं तर नाही.
नवऱ्याची अंगठी काढली तेव्हासुद्धा
खूण जायला याहून जास्त दिवस लागले होते,
की कमी, आता आठवत नाही.

सेइगोला मी लिहिते, जेवलास?
तो लिहितो, हो.
फोन लहान झाला म्हणून नव्हे,
आम्ही आधीही एवढंच बोलायचो.
मोठ्या पडद्यावर ते फार रिकामं दिसायचं,
खाली-वर पांढरं, पांढरं,
मैदानात दोघं उभी असल्यासारखं.
इथे कसं, पडदा भरल्यासारखा वाटतो.

परवा त्याने ओसाकाची नवी खोली पाठवली.
नखाएवढी खोली, तिळाएवढा मुलगा,
आणि एक खिडकी.
मी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो ताणला,
इंचाइंचाने फिरले त्याच्या घरात:
तांदळाचा कुकर, बरा आहे.
पडदे नाहीत. सायकलचा पंप.
खिडकीबाहेर दोरीवर मोजे,
दोन मापांचे.

मोठ्या फोनवर सगळं एकदम दिसलं असतं
आणि मी 'छान' लिहून मोकळी झाले असते.

कुमेको-सानला सांगितलं नाही.
तिला सांगितलं तर खेकडेवाल्यांना कळेल.
दिवसभर माकुलं चिरताना
मी त्या लहान मोज्यांवरून
पायाचा, मग उंचीचा, मग आवाजाचा
अंदाज बांधत राहिले.
पिवळे होते. टाचेशी रफू.
म्हणजे टाकून देणारी नव्हे, किंवा देणारा.

काल दुपारी, बाजार आवरताना, लिहिलं:
मोजे आत घ्या, तुमच्याकडे पाऊस सांगितलाय.
'घ्या' चुकून पडलं असेल असं त्याला वाटू शकतं,
माझं बोट घसरतं हे त्याला माहीत आहे.

वाचल्याची खूण उमटली.
मी हातमोजा दातात धरून उभी.
टाक्या रिकाम्या करणाऱ्या पोऱ्याने
माझ्या बुटांवर पाणी सोडलं, तरी उभी.
काही येईना.
मग दोन वाजले
आणि ह्याने मान टाकली.

घर पाऊण तासावर.
उत्तर आलं असेल तर इथेच आहे,
स्वेटरच्या आत,
थंड.